बाटली नंबर 53-एन

रोह्याचा माणूस पूर्वी परळला जायचा तो गिरणीत कामाला. गिरण्या गेल्या. आता तो जातो हातात फाईल घेऊन. पहाटेच्या दिवा गाडीत बसायचं, पनवेलच्या पुढे गर्दीत उभं राहायचं, दादरपर्यंत पोचायचं आणि तिथून केईएम, टाटा किंवा वाडिया गाठायचं. आमच्या रोहा-पेण भागात अशी वाट ज्याला पाठ नाही असं घर शोधावं लागेल. भावाच्या ऑपरेशनच्या वेळी मीही त्या वाटेनं आठ दिवस ये-जा केली. दुपारी वॉर्डात नातेवाइकांना बसू देत नसत, तेव्हा बाहेर झाडाखाली वेळ काढायचा. तिथून जवळच एका जुन्या, भारदस्त इमारतीचं आवार आहे. पाटीवर नाव आहे हाफकिन संस्था. कोकणातून आलेले शेकडो नातेवाईक रोज त्या भिंतीच्या कडेनं डबे घेऊन जातात. भिंतीआड काय घडलं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मलाही ते उशिराच कळलं, आणि कळल्यापासून भावाच्या जखमेचं ड्रेसिंग मी वेगळ्या नजरेनं पाहू लागलो.

ही इमारत मुंबईच्या गव्हर्नरांचं जुनं निवासस्थान. त्याआधी तिथे पोर्तुगीजांच्या काळातलं प्रार्थनामंदिर होतं. 1882 मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी इथेच कॉलऱ्यानं गेली. त्यानंतर गव्हर्नरांचा मुक्काम मलबार पॉइंटला हलला आणि परळचा वाडा ओस पडला. साथीच्या रोगानं रिकामं केलेलं हे घर पुढे साथीच्या रोगाशीच लढणाऱ्या प्रयोगशाळेला मिळालं.

ती साथ प्लेगची. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकॅशियो व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला. मराठी वर्तमानपत्रं या आजाराला ग्रंथिक सन्निपात म्हणत, लोक गाठीचा ताप म्हणत. काही महिन्यांत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून पळाली. त्यात आमचे कोकणातले गिरणी कामगार होतेच. कोणी गलबतानं, कोणी पायी घाट-खाड्या ओलांडत गावाकडे निघाले, आणि रोगही त्यांच्या बोचक्यांबरोबर गावोगाव पोचला.

त्या दिवसांत लोकांना प्लेगइतकीच भीती इस्पितळाची होती. 29 ऑक्टोबर 1896 ला गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावानं ऑर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. आत नेलेला माणूस परत येत नाही, तिथे माणसाला मारून त्याच्या अंगातून मोमियाई नावाचा औषधी अर्क काढतात, अशा वावड्या होत्या. मोमियाईची गोष्ट खोटी होती, पण भीती अगदीच बिनबुडाची होती असं मला म्हणवत नाही. एकाच छताखाली शेकडो आजारी माणसं, तेच हात, तीच भांडी, तीच अंथरुणं. एका आजारासाठी आत गेलेला माणूस दुसऱ्याच आजारानं दगावतो, हे युरोपनंही तेव्हा नुकतंच मान्य केलं होतं. व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी 1847 मध्ये डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले तेव्हा बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं घटले. तरी त्यांना हयातीत कोणी फारसं मानलं नाही. ग्लासगोत लिस्टर यांनी 1865 मध्ये जखमेवर कार्बोलिक ॲसिड वापरायला सुरुवात केली. म्हणजे शस्त्रक्रियेआधी हात आणि हत्यारं निर्जंतुक करायची ही कल्पना मुंबईत प्लेग आला तेव्हा उण्यापुऱ्या तीस वर्षांची होती.

आणि सेवा करणाऱ्यालाही रोग सोडत नव्हता. सावित्रीबाई फुले यांचा दत्तक मुलगा डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला होता. सावित्रीबाई रोग्यांना तिथे पोचवत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या.

त्याच सुमारास ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत आणि व्हरांड्यात वॉल्डेमार हाफकिन नावाचे जीवाणुशास्त्रज्ञ काम करत होते. जन्म ओडेसाचा, ज्यू घराण्यातला, शिक्षण झाल्यावर पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम. कॉलऱ्याची लस त्यांनी बंगालात हजारो लोकांना टोचली होती. सरकारनं त्यांना ऑक्टोबर 1896 मध्ये मुंबईला बोलावलं. हाताशी एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस उभी केली.

ती कशी केली हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा तिथूनच निघतो. रश्शासारख्या द्रवात प्लेगचे जंतू वाढवायचे. गाय किंवा डुकराचं मांस वापरलं तर लोक लस घेणार नाहीत, म्हणून हा रस्सा बकऱ्याच्या मांसाचा. वर चमचाभर साजूक तूप. तूप पृष्ठभागावर तरंगायचं आणि जंतू त्या थेंबांना धरून, जुन्या घराच्या आढ्याला जळमटं लोंबावीत तसे खाली लोंबायचे. भांडं हलवलं की ते तळाशी बसत आणि वर नवे वाढत. असं कित्येक आठवडे. मग सगळं तापवून जंतू मारायचे आणि शेवटी थोडं कार्बोलिक घालायचं, म्हणजे बाहेरचा दुसरा कुठला जंतू चुकून शिरला तर तो वाढू नये. 10 जानेवारी 1897 ला त्यांनी ही लस आधी स्वतःला टोचून घेतली. नेहमीच्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त. ताप आला, टोचलेली जागा ठणकली, ते उतरलं आणि ते कामाला लागले. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी पुढे आले त्यांना टोचलं. न टोचलेल्यांपैकी बारा जणांना प्लेग झाला आणि सहा मेले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला, मेला कोणी नाही. पुढच्या सुरुवातीच्या प्रयोगांत आजच्या रायगड जिल्ह्यातली उरण आणि मोरा ही गावंही होती. तिसऱ्या आगाखानांनी स्वतः टोचून घेतलं आणि आपल्या खोजा समाजाला टोचायला लावलं. प्रयोगशाळेला त्यांनी माझगावात जागाही दिली. शेवटी ऑगस्ट 1899 मध्ये ती परळच्या रिकाम्या वाड्यात आली.

मग पंजाबात प्लेगनं कहर केला. तिथल्या सरकारला लस लाखांच्या हिशेबात हवी होती, तीही थंडीचा हंगाम सुरू व्हायच्या आत. तुपाच्या पद्धतीला आठवडे लागत. हाफकिन यांनी पद्धत बदलली. जंतू रश्शाऐवजी अगर नावाच्या घट्ट, जेलीसारख्या पदार्थावर वाढवायचे, म्हणजे लस लवकर तयार होते. दुसरी गोष्ट, कार्बोलिक घालायचं बंद केलं. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत नुसत्या उष्णतेवरच भागत असे, म्हणून हा बदल शास्त्राला सोडून नव्हता. पण राखणदार एकानं कमी झाला होता. मला स्वतःला हाफकिन यांचा हा निर्णय चुकीचा वाटत नाही, मात्र घाई नसती तर त्यांनी तो घेतला असता का, हा प्रश्न मनात राहतो.

30 ऑक्टोबर 1902. पंजाबच्या गुजरात जिल्ह्यातलं मलकोवाल हे गाव, आता पाकिस्तानात. डॉ. एलियट टोचायला बसले होते. परळहून आलेल्या पाच बाटल्या उघडल्या गेल्या आणि 107 माणसांना लस दिली गेली. गावात सगळं शांत झालं. आठवडाभरानं काही जणांचे जबडे धरू लागले. घास घेता येईना, मान मागे ओढली जाऊ लागली, अंगाची कमान होऊ लागली. धनुर्वात. एकूण 19 जण, आणि 19 च्या 19 गेले. सगळ्यांना लस एकाच बाटलीतून मिळाली होती. बाटलीचा नंबर 53-एन. उरलेल्या चार बाटल्यांतून टोचलेल्या 88 माणसांना काहीही झालं नाही.

धनुर्वाताचा जंतू मातीत, शेणखतात, गोठ्यात, रस्त्याच्या धुळीत असतो. प्रतिकूल वेळ आली की तो स्वतःभोवती टणक कवच करून बीजाणू होऊन पडून राहतो. हा बीजाणू उकळत्या पाण्याला सहजी दाद देत नाही, कार्बोलिकमध्ये तासन्तास टिकतो, आणि हवा नसलेल्या जागी, म्हणजे बुचानं बंद केलेल्या बाटलीत किंवा खोल जखमेत, पुन्हा जागा होतो. प्रश्न एवढाच होता की तो 53-एन मध्ये कधी शिरला. परळला बाटली भरली तेव्हा, की मलकोवालला ती उघडली तेव्हा?

मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. समितीचा निष्कर्ष परळवर आला. बाटली उघडण्याआधीच दूषित होती आणि कार्बोलिक वगळण्यात दोष होता. हाफकिन यांना परळ सोडावं लागलं. 1904 मध्ये ते लंडनला परतले. ज्या माणसानं लाखो लोकांना टोचण्याची लस दिली त्याच्या नावामागे एकोणीस मृत्यू लागले. फ्रान्समध्ये ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला खोट्या आरोपात गोवलं गेलं होतं; हाफकिनही ज्यू, म्हणून युरोपात काही जण याला छोटं ड्रेफस प्रकरण म्हणू लागले. 1906 च्या अखेरीस कागदपत्रं सरकारी गॅझेटात प्रसिद्ध झाली, आणि त्या कागदांतच एक गोष्ट होती जिच्याकडे समितीनं पुरेसं पाहिलं नव्हतं.

मलकोवालला एलियट यांचा मदतनीस नरिंदर सिंग 53-एन बाटलीचं बूच काढत होता. त्याच्या हातातून चिमटा निसटला आणि जमिनीवर पडला. त्यानं तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात हलवला आणि त्याच चिमट्यानं बूच काढलं.

एवढंच. खेड्यातल्या जमिनीवर पडलेला चिमटा, गुरांच्या वाटेवरची माती, दोन क्षणांची बुडी. ज्या बीजाणूला कार्बोलिकमध्ये तासन्तास ठेवावं लागतं त्याला दोन क्षणांत काय होणार?

मलेरिया डासांमुळे पसरतो हे दाखवून देणारे आणि त्याच 1902 साली नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण हाती घेतलं. लंडनचे प्राध्यापक सिम्प्सन आधीपासूनच लढत होते. 29 जुलै 1907 ला लंडनच्या टाइम्समध्ये रॉस आणि त्यांच्याबरोबरच्या शास्त्रज्ञांचं पत्र आलं. युक्तिवाद अगदी व्यवहारातला होता. बाटली भरल्यापासून उघडेपर्यंत चाळीसएक दिवस गेले होते. धनुर्वाताचा जंतू इतके दिवस बंद बाटलीत वाढला असता तर आत विष साठलं असतं. बाटलीला दुर्गंधी आली असती आणि टोचलेली माणसं फार लवकर आजारी पडली असती. एलियट यांना वास आला नव्हता. लक्षणं दिसायला आठवडा लागला, म्हणजे जंतू शरीरात गेले ते थोडे आणि ताजे. पुरावा बाटलीच्या तोंडाकडे बोट दाखवत होता. सरकारनं 1907 च्या अखेरीस हाफकिन यांना निर्दोष ठरवून भारतात परत बोलावलं. काम मात्र कलकत्त्याला दिलं, परळ नाही. 1914 मध्ये ते निवृत्त झाले. 1925 मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं, आणि पाच वर्षांनी ते लोझानला वारले.

या गोष्टीत मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो बाटलीचा नंबर. कोणती बाटली, कधी भरली, कुठे गेली, कोणाला टोचली, हे सगळं लिहून ठेवलेलं होतं म्हणून एकोणीस मृत्यू एका बाटलीपर्यंत नेता आले आणि शेवटी एका चिमट्यापर्यंत. नाहीतर लसच विषारी आहे एवढीच हाकाटी उरली असती. तशी ती पसरलीही. प्लेग पुढे भारतात एक कोटीहून अधिक माणसं घेऊन गेला. आणि मला खटकते ती गोष्ट अशी की सगळी वर्षं दोष कोणाचा यातच गेली. आधी साहेबाचा, मग मदतनिसाचा. नरिंदर सिंग काही वाईट माणूस नव्हता. पुढे शंभरावर माणसांची रांग होती आणि हातातली वस्तू पडली. त्याच्या शेजारी दुसरा तयार चिमटा असता, आणि खाली पडलेलं हत्यार वर येत नाही हा नियम त्याच्या हातात भिनलेला असता, तर त्या गावातले एकोणीस जण घरी राहिले असते.

हाच धनुर्वात आमच्या घराघरांतही होता, इस्पितळ नसताना. कोळ्यांच्या, आदिवासींच्या, कुणब्यांच्या वस्त्यांत सुईण विळ्यानं किंवा हाताला येईल त्या पात्यानं नाळ कापायची, वर राख किंवा शेण लावायचं. बाळ जन्मल्यावर पाच-सहा दिवसांनी दूध ओढेनासं व्हायचं, तोंड मिटून घ्यायचं, अंग ताठ करायचं. पाचवीच्या रात्री सटवाई येते आणि नशीब लिहिते, म्हणून ती रात्र जागवायची. माझी आजी सांगायची की तिची दोन बाळं सटवाईनं नेली. दोन्ही पहिल्या आठवड्यातली. सटवाई खरं तर विळ्याच्या पात्यावर बसून येत होती, असं आता वाटतं. गरोदर बायांना धनुर्वाताचं इंजेक्शन, नाळेसाठी नवीन ब्लेड, उकळलेला दोरा आणि नाळेवर काहीही न लावणं, एवढ्या साध्या गोष्टींनी हे थांबलं. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं मान्य केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावच्या बायांना नवजात बाळाची काळजी आणि जंतुसंसर्गावरचे उपचार शिकवून नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. 1999 मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापून आलं तेव्हा जगानं दखल घेतली.

सुईचीही तीच कथा. माझ्या लहानपणी कंपाउंडर काचेची सिरिंज स्टोव्हवरच्या भांड्यात उकळायचा. भांड्याचा खळखळाट आणि स्पिरिटचा वास आला की आम्ही आईच्या पदरात तोंड खुपसायचो. रांग मोठी असली की उकळण्याची वेळ लहान व्हायची. 2009 मध्ये शेजारच्या गुजरातेत मोडासा भागात वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्यामुळे काविळीची साथ आली आणि कितीतरी माणसं गेली. तोवर सरकारी लसीकरणात एकदाच चालणारी, दट्ट्या मागे न ओढता येणारी सिरिंज आली होती. हत्याराचीच रचना अशी बदलली की चूक करायला जागाच राहू नये. नरिंदर सिंगला जे मिळालं नाही ते हेच.

आता इस्पितळात लागणारे आजार वेगळ्या वाटांनी येतात. लघवीची नळी, मानेतली किंवा छातीतली सलाईनची लाईन, व्हेंटिलेटरची नळी आणि ऑपरेशनची जखम या चार वाटा मुख्य. क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर असे जंतू पुष्कळ औषधांना भीक घालत नाहीत, आणि ते एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर बहुतेक वेळा हातावरूनच जातात. डॉक्टरांच्या, सिस्टरच्या, मावशीच्या आणि आपल्याही. स्पिरिटसारखं औषध हातावर अर्धा मिनिट चोळलं तर यातले बहुतेक मरतात. पण हगवण लावणारे काही जंतू धनुर्वातासारखेच कवच करून बसतात. त्यांना ते औषध चालत नाही, तिथे साबण आणि वाहतं पाणीच लागतं, जवळजवळ मिनिटभर. हत्यारांसाठी उकळणं पुरत नाही म्हणून ऑटोक्लेव्ह. वाफ दाबाखाली कोंडून 121 अंशांपर्यंत न्यायची, बीजाणूही मरतो. कापडाच्या गाठोड्यावर चिकटवलेल्या टेपवरच्या रेघा काळ्या झालेल्या दिसल्या तर गाठोडं त्या उष्णतेतून गेलं आहे हे कळतं.

त्या काळ्या रेघा मी पहिल्यांदा पाहिल्या त्या रोह्यात, भावाला परत आणल्यावर. एका छोट्या दवाखान्यात दर तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग असायचं. सिस्टरनी ड्रम उघडण्याआधी टेप दाखवली, मी विचारलं म्हणून. एकदा टाके काढताना त्यांच्या हातातून चिमटा खाली फरशीवर पडला. बाहेर पंधरा माणसं बसली होती. त्यांनी तो पायानं बाजूला सारला, कोपऱ्यातल्या वापरलेल्या हत्यारांच्या बादलीकडे बोट दाखवून मावशींना सांगितलं आणि नवीन पुडकं फोडलं. काम थांबलं असेल ते जेमतेम दहा सेकंद. मी काही बोललो नाही, पण मला मलकोवाल आठवलं.

म्हणून रोहा-पेणच्या वाचकांना एवढंच सांगायचं आहे. तुमचं माणूस दाखल असेल तर त्याच्या खाटेवर बसू नका, सगळी आळी घेऊन भेटायला जाऊ नका, त्याला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवा. लघवीची नळी किंवा सलाईनची लाईन अजून लागते का, हे रोज विचारा. आणि पडलेली वस्तू कोणी उचलून पुन्हा ट्रेमध्ये ठेवताना दिसलं तर गप्प बसू नका. सिस्टर बहुधा रागावणार नाहीत. रागावल्या तरी बोला.